एका पायाचे खेटे

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा लागून राहायला नको. माझी बायको गेली. जाणारच होती. तिला जो आजार झाला त्यात हातपाय, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास असं एकेक बंद पडत जातं आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. त्याला औषध नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती माझ्याआधी मान हलवत होती, कारण ती स्वतः फिजिओथेरपिस्ट होती आणि असे पेशंट तिने जवळून पाहिले होते. केबिनबाहेर आल्यावर म्हणाली, "चल, भूक लागलीये." समोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. तिने वरून तर्री मागून घेतली. मी पाव कुस्करत बसलो होतो.

आमची ओळखच मुळी चाकांवरची. स्केटबोर्ड म्हटलं की लोकांना पायऱ्यांवरून उड्या मारणारी पोरं आठवतात. तिचा प्रकार वेगळा होता. लांब फळी, मोठी मऊ चाकं, आणि उड्याबिड्या काही नाहीत. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन मागे ढकलायची, आणि जात राहायचं. पुणं उठायच्या आत ती नदीकाठच्या रस्त्याने दूरवर जाऊन परत यायची. मी तेव्हा रोज सकाळी पळायचो आणि रोज तिच्या मागे पडायचो. एकदा तिने थांबून विचारलं, "पळून कुठे जाताय एवढं?" तिथून सुरू झालं ते लग्नापर्यंत गेलं.

बोर्डवर तिनेच मला उभं केलं, तिशी उलटल्यावर. पडलो, कोपरं सोलली, तिने हसत हसत आयोडिन लावलं. पण एका गोष्टीवर ती कधी हसली नाही. लांब जायचं तर पाय बदलत राहायचा. थोडा वेळ उजव्याने ढकलायचं, थोडा वेळ डाव्याने. लोकांना वाटतं ढकलणारा पाय दमतो. खरं तर फळीवर उभा असतो तो दमतो, कारण प्रत्येक वेळी सगळं अंग घेऊन त्यालाच वाकावं लागतं. माझा डावा पाय ढकलायला कच्चा, म्हणून मी टाळाटाळ करायचो. मागून तिची हाक यायची, "पाय बदल रे! गुडघ्याची वाट लागेल, आणि मी फुकट उपचार करणार नाही!"

आजार कळल्यावर पुण्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला पुरेनासा झाला. लिफ्ट बंद पडली की ती घरातच अडकायची. माझं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही चालणारं. गावी, काष्टीच्या अलीकडे, आमचं बसकं घर आहे, आई एकटीच राहत होती. बायको अस्सल पुण्याची, गावी चार दिवसांवर कधी राहिली नव्हती. पण या वेळी लगेच हो म्हणाली. का, तर बायपास.

आमच्या गावाला वळसा घालून बायपास झाला आहे. झाला आहे म्हणजे रेल्वेच्या रुळांपर्यंत झाला आहे. रुळांवरून जायचा पूल अर्धा उभा राहिला आणि काम बंद पडलं. का, ते विचारलं तर गावात जितकी तोंडं तितकी कारणं. पुलाच्या टोकाला गज गंजत उभे आहेत, खालून दौंड-मनमाडच्या गाड्या जातात. दुसऱ्या टोकाला, जिथे बायपास जुन्या रस्त्याला मिळणार होता, तिथे वाहनं घुसू नयेत म्हणून मुरमाचे ढिगारे टाकले आहेत. मधे लांबच लांब पांढरा सिमेंटचा रस्ता. पुढच्या गावांची नावं लिहिलेल्या मोठ्या पाट्यांना अजून पोती बांधलेली. लोकांनी त्याचं खळं करून टाकलं. ज्वारी, तूर, हरभरा, ज्याचं जे निघेल ते तिथे पसरलेलं, भोवती दगड लावलेले. एवढा गुळगुळीत आणि एवढा मोकळा रस्ता आम्ही अख्ख्या पुण्यात पाहिला नव्हता. दिवाळीला आलो की ती घरी फराळाला बसायच्या आधी तिकडे पळायची. आईला ते अजिबात आवडायचं नाही.

गावी राहायला आलो तेव्हा ती काठी घेऊन चालत होती. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, मला एकदा उभी कर. मी तिला बोर्डवर उभं केलं, दोन्ही हातांनी कंबर धरली आणि भाजीची गाडी ढकलावी तसा ढकलत निघालो. वारा समोरून होता. तिचे केस माझ्या तोंडात जात होते. पुढच्या बांधापर्यंत गेलो असू, तेवढ्यात तिचा उजवा पाय आतून लटपटायला लागला. ती म्हणाली, "बास. आता तू जात जा." परत ती कधी बोर्डवर चढली नाही, आणि त्याबद्दल बोललीही नाही.

मग तसा नेमच झाला. सकाळी आई तिच्यापाशी बसायची आणि मी बायपासवर. ढिगाऱ्यापासून निघायचं, अर्ध्या पुलापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा निघायचं. तेवढा वेळ डोक्यात काही नसायचं. सिमेंटच्या सांध्यांवरून चाकं टक-टक करत जायची आणि मी तो आवाज ऐकत राहायचो. घरी आलो की ती सगळं विचारायची. वारा कुठून होता, कुणाची ज्वारी पडली आहे, गुडघा कसा आहे, पाय बदलला का. शेवटच्या प्रश्नाला मी गोलमाल उत्तर द्यायचो. पुलाकडे, कुणी नसायचं तिथे, थोडा वेळ बदलायचो. एरवी उजव्यानेच रेटायचो. आळस, दुसरं काय.

ढिगाऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, म्हसोबा आहे. शेंदराने माखलेला एक दगड, डोळे लावलेले. रस्त्यात तिथली जमीन गेली तेव्हा ठेकेदाराने देवाला हळूच बाजूला सरकवलं आणि सिमेंटचा ओटा बांधून दिला. पूल अडला तो त्यामुळेच, असं मानणारे गावात बरेच आहेत. माझ्या लेखी तो दगड म्हणजे वळायची खूण. तिथे पोचलो की मी डावा पाय बोर्डवरच ठेवून, उजवा खाली टेकवून कमरेत पूर्ण वाकायचो, बोटं जमिनीला लावायचो आणि तसाच थोडा वेळ थांबायचो. मांड्यांच्या मागच्या शिरा मोकळ्या व्हाव्यात म्हणून बायकोने लावून दिलेला व्यायाम होता तो. मग तसाच बोर्ड वळवून परत.

आता हे लांबून बघणाऱ्याला कसं दिसत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

म्हसोबाच्या शेजारी एक मावशी ज्वारी राखत बसायच्या. सत्तरीच्या असाव्यात, डोक्यावर पदर, हातात कोंबड्या हाकायची काठी. पहिले काही दिवस नुसत्या बघायच्या. मग एका सकाळी मी वाकून उठतो तोच त्यांनी पितळी तांब्या पुढे केला.

"दादा, पानी प्या. लई कडक धरलंय तुमी."

मी पाणी प्यायलो. म्हटलं, "काय धरलंय?"

"खेटं वं. म्हसोबाचं. पाटावर चढल्यापासनं डावा पाय भुईला लावत न्हाई तुमी. मी पैल्या दिसापासनं बघतीय. मंडळींसाठी हाय ना?"

त्यांनी माझ्या बोर्डला पाट म्हटलं तेव्हा मला सगळं चित्र एकदम दिसलं. ज्याची बायको अंथरुणाला लागलीये असा माणूस रोज उठून पाटावर चढतो, एका पायाने एवढं अंतर रेटत म्हसोबापुढे येतो, जमिनीला हात लावून नमस्कार करतो आणि परत फिरतो. आमच्याकडे नवस बोलून लोक अनवाणी राहतात, लोटांगणं घालत जातात, ठरावीक वार धरून देवाला खेटे घालतात. त्यात एक एका पायाचा. मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, "मावशी, तसलं काही नाही. हा व्यायाम आहे. खेळ आहे एक प्रकारचा."

मावशी समजुतीने हसल्या. "व्हय, व्हय. आसंच म्हनायचं आसतं. नवस काय कुनाला सांगायचा आसतो?"

नाही म्हणावं तर तोच पुरावा. मी कपाळाला हात लावला आणि निघालो. देवधर्म या विषयावर मी उभ्या आयुष्यात कुणाला चार शब्द नीट बोलू दिलेले नाहीत. सत्यनारायणाला प्रसादापुरता येणारा माणूस मी. आणि माझ्याच नावाने गावात नवस चालू झाला होता.

आठवड्याभरात रस्ता बदलला. ज्वारी पसरणारे मधून एक पट्टा मोकळा सोडायला लागले. दगड बाजूला घेतले गेले. मळणीचा ट्रॅक्टर मला पाहून थांबायचा आणि चालवणारा टोपी काढायचा. एकदा मी बुटातला खडा काढायला टेकलो असताना कुणीतरी बोर्डच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावून गेलं. घरी येण्याआधी मी ते रुमालाने पुसलं.

बायकोला मी हे सांगितलं नाही. एरवी पहिल्यांदा तिलाच सांगितलं असतं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. पण त्या गोष्टीत ती बरी होत होती. लोक मला रस्ता करून देत होते ते ती बरी व्हावी म्हणून, आणि ते मला तिच्यासमोर बसून विनोद म्हणून सांगवेना.

आईला मात्र कळलं. दळण आणायला गिरणीत गेली होती, तिथे बायकांनी तिला घेरलं. घरी आली ती पिठाचा डबा तसाच दारात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले.

"मला एका शब्दाने बोलला नाहीस."

"आई, मी काही केलेलं नाही. लोकांनी उठवलंय."

"असू दे. मी इथे देव पाण्यात घालून बसलेय आणि मला वाटायचं, या पोराचं काळीज दगडाचं आहे."

मी आवाज खाली ठेवून, कारण आतल्या खोलीत बायको होती, तिला सगळं नीट समजावून सांगितलं. दगड वळायची खूण, वाकणं शिरांसाठी, डावा पाय आळसामुळे. आईने सगळं ऐकून घेतलं. मग डबा उचलत म्हणाली, "नवस तू केला नसशील. पण चारचौघांनी तुझ्या नावाने म्हसोबापुढे बोलून ठेवलाय. आता तो तुझाच. मोडू नकोस म्हणजे झालं."

मी चिडलो. शिकलेल्या घरातली बाई, माझ्या वडिलांचा सगळा जन्म शाळेच्या ऑफिसात गेला, आणि हे काय बोलणं? दुसऱ्या दिवशी मी बायपासवर गेलो तो ठरवूनच. म्हसोबाच्या बऱ्याच अलीकडून पाय बदलला. डाव्याने जमीन ढकलत, सगळ्यांना दिसेल असा, ज्वारीच्या मधल्या पट्ट्यातून आलो. बायका काम थांबवून उभ्या राहिल्या. मावशीही उठल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आरं द्येवा. टेकला की ओ दादा."

मी म्हटलं, "टेकला तर टेकला." आणि बोर्ड वळवून निघून आलो.

त्या संध्याकाळी बायकोला पहिल्यांदा पाण्याचा ठसका लागला. साधं घोटभर पाणी. ते चुकीच्या वाटेने गेलं, तिचा चेहरा निळसर झाला, डोळे माझ्यावर खिळले आणि मी तिला पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारत राहिलो. कितीतरी वेळाने तिचा श्वास परत आला. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

मला माहीत होतं. गिळण्याचे स्नायू आता जाणार हे पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायकोने सांगितलं होतं, माझ्या लॅपटॉपमध्ये त्याच्या आकृत्या होत्या. म्हसोबाचा, माझ्या पायाचा आणि त्या घोटभर पाण्याचा काडीचा संबंध नव्हता. रात्रभर हेच घोकलं. सकाळी बायपासवर गेलो, डावा पाय बोर्डवर ठेवला आणि तो परत ढिगाऱ्यापाशी येऊन थांबेपर्यंत खाली टेकवला नाही. पुलापाशीसुद्धा नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर काडी आहे हेही मान्य नव्हतं, तरी मी ती घट्ट धरली होती. स्वतःची एवढी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

म्हसोबापाशी मावशींनी नेहमीसारखा तांब्या दिला. आदल्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. फक्त म्हणाल्या, "द्येव पोटात घालतो वं."

तिथून पुढे तसंच चाललं. ज्वारी उचलली गेली, हरभरा आला, तोही गेला. ऊन तापायला लागलं तसा मी लवकर जायला लागलो. बायकोचे हात गेले. मान एका बाजूला कलायला लागली. बोलणं जड झालं, शब्द जिभेवर चिकटल्यासारखे यायचे, पण आई आणि मी ओळखायचो. म्हणजे देव पाण्यात होते आणि डावा पाय बोर्डवर होता तरी काही थांबत नव्हतं. हे मला रोज दिसत होतं. पण पाय टेकवायची हिंमत होत नव्हती. आज टेकवला आणि उद्या काही झालं तर? काहीतरी होणारच होतं. उद्या नाही तर परवा. ते माझ्या पायाने झालं असं मला वाटू नये, इतक्यासाठी मी रेटत होतो.

डावा गुडघा आधी दुखायला लागला, मग सुजला. ओट्याची पायरी उतरताना कळ यायची. घरात मी लंगडणं लपवायचो. फूलपँट घालून वावरायचो, तिच्या खोलीत शिरताना भिंतीला हात न लावता सरळ चालायचो. ती माणसाच्या चालीवरून त्याचं दुखणं ओळखणारी बाई. चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिचे डोळे माझ्या पायांवर असायचे. मला वाटायचं, मान खाली कललीये म्हणून नजर तिथे जातेय.

मग ते झालं. तिला पलंगावरून खुर्चीत घेताना सगळं वजन माझ्या डाव्या पायावर आलं आणि गुडघा सुटला. मी तिला घेऊन पलंगाच्या कडेवर आदळलो. ती माझ्यावर पडली म्हणून तिला लागलं नाही. आई धावत आली. दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं, मानेला उशी लावली. तिने आईकडे पाहून हळूच म्हटलं, "चहा." आई आत गेली. मग बायको मला म्हणाली, "पँट वर कर."

मी टाळलं. तिने पुन्हा म्हटलं. मी दोन्ही पायांवरून पँट मांडीपर्यंत सरकवली आणि शाळेतल्या पोरासारखा तिच्यापुढे उभा राहिलो. ती बराच वेळ बघत होती. डावा गुडघा टरारून सुजलेला, त्या मांडीचा दगड झालेला. उजवी मांडी त्यामानाने सडसडीत. तिला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"बदलत... नाहीस?"

मग मी सांगितलं. तांब्या, मावशी, पाट, हळदकुंकू, गिरणीतल्या बायका, आई काय म्हणाली ते, मी मुद्दाम टेकवलेला पाय आणि त्या संध्याकाळचा ठसका. सगळं. सांगताना माझं मलाच हसू येत होतं, रडूही येत होतं. मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर तिने हसावं एवढीच माझी इच्छा होती. तिने म्हणावं, मूर्खा, फिजिओथेरपिस्टचा नवरा ना तू? मग मी दुसऱ्या दिवशी खुशाल पाय बदलला असता, गुडघ्याला बर्फ लावला असता आणि आम्ही पुन्हा पूर्वीसारखे झालो असतो, सगळं माहीत असलेले, कशालाही न फसणारे.

ती हसली नाही. तिचा चेहरा आजाराने बराचसा थिजला होता, डोळेच काय ते बोलायचे. त्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्या डाव्या पायाकडे बघत होती, आणि ओठ जुळवायचा प्रयत्न करत होती. मी खाली वाकलो, कान तिच्या तोंडापाशी नेला.

"नको... टेकवू," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "काय?"

तिने डोळे मिटले, उघडले, सगळा जीव गोळा केला आणि पुन्हा तेच म्हणाली. आई चहा घेऊन आली. मी पँट खाली केली. ठसका लागू नये म्हणून चहात घट्ट करायची पावडर घातली आणि तो चमच्याने तिला भरवला.

दोन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी गुडघ्याला पट्टा बांधून निघालो, तर ती म्हणाली, "मी पण." इतके महिने ती बायपासवर आली नव्हती. आईने तिची वेणी घातली, साडी नाही म्हणून निदान तिची ओढणी नीट लावून दिली. गाडी ढिगाऱ्यापर्यंत नेली, खुर्ची उतरवली, मुरमावरून उचलून सिमेंटवर ठेवली. आई गाडीपाशी थांबली. खुर्ची त्या रस्त्यावर किती हलकी चालली! मी तिला म्हसोबाच्या ओट्याशेजारी नेऊन लावलं. तिथे तेव्हा कांद्याचं बी सुकत होतं. मावशी उठून आल्या, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आलीस का गं माजी बाय. बस. तुजंच चाललंय सगळं." ती त्यांच्याकडे बघत राहिली. एरवी अशा बोलण्यावर ती मला डोळा मारायची. त्या दिवशी नाही मारला.

मी निघालो. पट्ट्याच्या आत गुडघा पहिल्या काही ढकलण्यांतच बोंबलायला लागला. वारा मागून होता म्हणून बरं. पोती बांधलेल्या पाट्या, सुकलेली गवतं, टक-टक. अर्ध्या पुलाच्या चढावर मला रडू फुटलं, दुखण्याने म्हणा किंवा कशाने. वर कुणीही नव्हतं. खाली रूळ, समोर गंजके गज. मागे वळून पाहिलं तर खुर्ची एवढीशी ठिपक्यासारखी दिसत होती, तिला तिथून काही दिसणं शक्य नव्हतं. तिथे मी डावा पाय टेकवला असता, मिनिटभर नुसता टेकवून उभा राहिलो असतो, तर कुणाला कळणार होतं? उजवा पाय जमिनीवर आणि डावा बोर्डवर ठेवून, वाकलेल्या गुडघ्यावर दोन्ही हात दाबून मी तसाच उभा राहिलो. मग बोर्ड वळवला.

परत येताना वारा समोरून. ती लांबून दिसायला लागली तेव्हा मी नीट ताठ झालो, चेहरा सारखा केला. पूर्वी ती अशीच कडेला उभी राहून माझं ढकलणं बघायची, खांदे, कंबर, पाऊल कुठे पडतंय, सगळं. आता ती फक्त माझा डावा पाय बघत होती. मी जवळ आलो, थांबलो, वाकलो, बोटं जमिनीला लावली, उठलो, तरी तिने नजर वर केली नाही.

"नाही टेकवला," मी म्हटलं.

तिचे ओठ हलले. मावशींना कळलं नाही, मला कळलं. तिने विचारलं होतं, "तिकडे पण?"

"तिकडे पण नाही."

तेव्हा तिने डोळे मिटले आणि तिच्या छातीतून एक सुस्कारा बाहेर पडला, परीक्षेचा निकाल ऐकून पोरं सोडतात तसा. इतके दिवस मी समजत होतो की ती मरायला तयार आहे. मिसळ, थट्टा, "बास. आता तू जात जा", हे सगळं तयार असलेल्या माणसाचं आहे. ती तयार नव्हती. एक दिवससुद्धा तयार नव्हती. तिला जगायचं होतं, कुणाच्याही हातून, म्हसोबाच्या, माझ्या गुडघ्याच्या, आणि ते मला सांगायची तिला लाज वाटत होती, कारण मी असलं काही न मानणारा होतो आणि तीही तशीच होती. पुढे ती गेली तो दिवस मला इतका लक्षात नाही. ही सकाळ आहे.

मावशींनी पदराने तिची हनुवटी पुसली आणि मला तांब्या दिला. मी दोन घोट प्यायलो. तिने डोळे उघडून रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डावा पाय बोर्डवरच होता. उजव्याने जमीन मागे ढकलली आणि पुन्हा निघालो.